गवत कापायचं मशीन घेताय? आधी आवार मोजा

अंधेरी असो की बोरिवली, मुलुंड असो की घाटकोपर. घरापुढे थोडी मोकळी जमीन असली, की पावसाळ्यात ती तुमच्या ताब्यात राहत नाही. सांताक्रूझच्या वेधशाळेत एकट्या जुलैमध्ये सरासरी ८०० मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो. एवढं पाणी प्यायलेलं गवत बघता बघता गुडघ्याला लागतं.

मग घरात विषय निघतो. माळी वेळेवर येत नाही. वाट दिसेनाशी झाली. संध्याकाळी मुलं खाली जायला घाबरतात. मग आपणच एक ग्रास कटर घेऊन टाकू, असं ठरतं.

विचार चांगला आहे. पण घाईत घेतलेलं मशीन दोन पावसाळ्यांत जिन्याखाली जाऊन पडतं. कधी ते फार जड निघतं, कधी फार हलकं. आणि नीट न वापरलेलं मशीन डोळ्याला, पायाला दुखापतही करतं.

म्हणून एक गोष्ट मनात पक्की करा. मशीन तुमच्या आवाराच्या मापाचं घ्या. जो माणूस ते चालवणार आहे, त्याला पेलेल असं घ्या. आणि सगळे पैसे मशीनवर संपवू नका. चष्मा, बूट आणि हातमोज्यांसाठी राखून ठेवा.

आता एकेक काम क्रमाने करू.

पहिलं काम: टेप घेऊन खाली उतरा

दुकानात जाण्याआधी जमीन मोजा. लांबी गुणिले रुंदी, चौरस फुटांत. फरशी, पार्किंग आणि ओटा वगळा. जिथे खरोखर गवत उगवतं, तेवढीच जागा धरा.

दीड-दोनशे चौरस फूट भरली, म्हणजे साधारण दहा बाय वीसचा तुकडा, तर मशीनची गरजच नाही. चांगला धार लावलेला विळा, एक खुरपं आणि गवत कापायची लांब पात्याची कात्री पुरे. सकाळच्या तासाभराचं काम आहे. पैसेही वाचतात.

दोनशे ते दोन हजार चौरस फुटांपर्यंत विजेवरचं किंवा बॅटरीवरचं हलकं मशीन घ्या. गावठाणातल्या घरांची अंगणं, तळमजल्याच्या फ्लॅटपुढचे तुकडे आणि लहान सोसायट्यांच्या मागच्या गल्ल्या बहुतेक यातच बसतात.

त्याहून मोठं आवार असेल, जुन्या बंगल्याचा प्लॉट किंवा मोठ्या सोसायटीचं कंपाउंड असेल, तर पेट्रोलवरच्या मशीनचा विचार करा. पण तिथेही आधी एक हिशेब मांडा. आपल्याकडे गवत वर्षभर वाढत नाही. जुलै, ऑगस्ट, सप्टेंबरअखेर आणि दसरा-दिवाळीच्या मध्ये एकदा, एवढ्या कापण्या झाल्या की काम भागतं. नोव्हेंबरनंतर ते वाळतंच. मग वर्षातल्या चार-पाच दिवसांसाठी मशीन घ्यायचं, की मशीनवाल्या माणसाला बोलवायचं? वर्षाची मजुरी आणि मशीनची किंमत शेजारी शेजारी लिहून बघा. उत्तर कागदावरच मिळेल.

शेजारच्या दोन घरांशीही बोला. तीन घरांत मिळून एक मशीन सहज पुरतं. फक्त ते कोणाकडे राहणार आणि त्याला लागणारी नायलॉनची दोरी कोण आणणार, हे आधीच ठरवा.

दुसरं काम: काय उगवतं ते बघा

नायलॉनची दोरी फिरवणारं मशीन मऊ गवतासाठी असतं. हरळी, लव्हाळा, कोवळा टाकळा, तेरडा हे ते सहज कापतं. आघाडा जून झाला की दोरी झिजते. घाणेरीसारखं लाकडी झुडूप दोरीने कापलंच जात नाही. ते कोयत्याने तोडायचं किंवा मुळापासून खणून काढायचं.

दोन वनस्पतींना मात्र मशीन लावूच नका.

एक म्हणजे गाजर गवत, ते पांढऱ्या बारीक फुलांचं. त्याचा चीक आणि परागकण अंगावर उडाले तर कातडीला खाज सुटते, दमेकऱ्याला त्रास होतो. फुलं यायच्या आधी, पावसाने जमीन भिजलेली असताना, हातमोजे घालून ते मुळासकट उपटा.

दुसरी खाजकुइली. राष्ट्रीय उद्यानाच्या कडेला, बोरिवली-मुलुंडच्या डोंगराकडच्या बाजूला कुंपणावर चढलेले वेल नीट पाहा. पावसाळा संपता संपता तिला केसाळ शेंगा लागतात. मशीन लावलं तर ते केस हवेत उडतात आणि सगळ्या बिल्डिंगला खाज सुटते. शेंगा धरायच्या आधीच वेल बुंध्यापाशी कापून टाका.

तिसरं काम: वीज, बॅटरी की पेट्रोल, ते ठरवा

वायरवरचं मशीन सगळ्यांत स्वस्त आणि हलकं असतं. चार्ज करायला नको, पेट्रोल भरायला नको. घराला लागून असलेल्या लहान अंगणाला ते उत्तम. पण आपलं गवत वाढतं पावसात आणि विजेला ओलावा चालत नाही. पाऊस पडत असताना किंवा गवतातून पाणी निथळत असताना वायरवरचं मशीन लावायचं नाही. हा नियम मोडायचाच नाही.

ज्या प्लगवर मशीन लावणार, त्या लाइनला ईएलसीबी, म्हणजे विजेची गळती होताच पुरवठा तोडणारा स्विच, आहे का, ते इलेक्ट्रिशियनला विचारा. घरगुती वापराला ३० मिलिॲम्पियरचा लागतो. त्यावरचं टेस्टचं बटण दाबून तो पडतो का, ते पाहा. एक्स्टेन्शनची वायर अखंड घ्या. टेप गुंडाळून जोडलेली वायर ओल्या जमिनीवर टाकू नका. काम करताना वायर खांद्यावरून मागे सोडा, म्हणजे ती दोरीखाली येत नाही.

बॅटरीवरचं मशीन उपनगरातल्या बहुतेक घरांना सोयीचं. वायर पायात येत नाही, धूर नाही, आवाज कमी. ज्येष्ठ माणसालाही चालवता येतं. घेताना मात्र दोन आकडे विचारा, व्होल्ट आणि ॲम्पियर-अवर. दोन्हींचा गुणाकार म्हणजे बॅटरीत साठलेली वीज. १८ व्होल्ट आणि २ ॲम्पियर-अवर असेल तर ३६ वॅट-अवर. ४ ॲम्पियर-अवर असेल तर ७२, म्हणजे बरोबर दुप्पट काम. लहान बॅटरी दाट गवतात दहा-पंधरा मिनिटांत बसते. डब्यावर नुसता व्होल्टचा मोठा आकडा छापलेला असेल आणि ॲम्पियर-अवर कुठेच लिहिलेलं नसेल, तर तो डबा परत ठेवा.

बॅटरी सुटी मिळते का, तेही विचारा. चार वर्षांनी बॅटरी दमते. तेव्हा तीच बॅटरी बाजारात नसेल, तर चांगलं मशीन भंगारात जातं. घरात आधीच एखाद्या कंपनीचं बॅटरीवरचं ड्रिल असेल, तर त्याच बॅटरीवर चालणारा ग्रास कटर पाहा. एक बॅटरी दोन्हीकडे चालली, तर खर्च बराच उतरतो.

पेट्रोलचं मशीन ताकदवान. पण ते साधारण सात-आठ किलोंचं असतं. भरलेली बादली एका कुशीला लटकवून अर्धा तास चालण्यासारखं ते काम आहे. पाठीचं, मणक्याचं दुखणं असलेल्याने ते उचलू नये.

टू-स्ट्रोक मशीनमध्ये पेट्रोलबरोबर ऑइल मिसळावं लागतं. प्रमाण मशीनच्या पुस्तकात असतं. ५० ला १ म्हणजे लिटरमागे २० मिलिलिटर. २५ ला १ म्हणजे लिटरमागे ४० मिलिलिटर. अंदाजाने ओतू नका. ऑइल कमी पडलं तर इंजिन जाम होतं, जास्त झालं तर धूर होतो आणि मशीन बंद पडत राहतं. फोर-स्ट्रोकमध्ये पेट्रोल आणि ऑइल वेगवेगळं असतं. किंमत जास्त, पण मिसळायची कटकट नाही.

पेट्रोल प्लॅस्टिकच्या बाटलीत आणू नका आणि घरात साठवू नका. लागेल तेवढंच, धातूच्या योग्य कॅनमध्ये आणा.

आवाजाचाही विचार करा. केंद्राच्या २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांत रहिवासी भागासाठी दिवसाची मर्यादा ५५ डेसिबल आहे. पेट्रोलचं मशीन त्याच्या कितीतरी पुढे जातं. दोन बिल्डिंगच्या फटीत तर तो आवाज घुमतो. वरच्या मजल्यावर तान्हं बाळ असेल, कोणी आजारी असेल, कोणाची परीक्षा असेल. म्हणून काम सकाळी दहा ते बाराच्या दरम्यान उरका आणि आदल्या दिवशी नोटीस बोर्डावर चिठ्ठी लावा.

चौथं काम: दुकानात हातात धरून बघा

मशीन उपनगरातल्या हार्डवेअरच्या दुकानात मिळतं. नागदेवी स्ट्रीटच्या बाजारात मिळतं. ऑनलाइनही मिळतं. कुठूनही घ्या, पण एकदा तरी हातात धरल्याशिवाय घेऊ नका. जो चालवणार आहे, त्यालाच बरोबर न्या.

त्याने दोन्ही मुठी धरून सरळ उभं राहावं. कंबरेत न वाकता मशीनचं डोकं जमिनीपर्यंत पोचलं पाहिजे. दांडा लहान-मोठा होतो का, पुढची मूठ सरकवता येते का, ते बघा. पट्टा खांद्यावर अडकवून दोन-चार मिनिटं तसंच उभं राहा. दुकानात खांदा भरून आला, तर उन्हात तो अर्धा तास टिकणार नाही.

मग डोकं उलटं करून बघा. आत एक रीळ असते. तिच्यावर नायलॉनची दोरी गुंडाळलेली असते आणि दोन्ही बाजूंच्या भोकांतून ती बाहेर येते. दोरी झिजून आखूड झाली, की चालत्या मशीनचं डोकं जमिनीवर हलकेच टेकवायचं. आतली स्प्रिंग दबते, रीळ थोडी सुटते आणि दोरी पुढे सरकते. जास्त आली तर गार्डवरची, म्हणजे डोक्याजवळच्या संरक्षक आवरणावरची, छोटी पट्टी ती मापात कापते. ही रीळ काढून पुन्हा कशी भरायची, ते दुकानदाराकडून समोर करून घ्या. मग त्याच्यासमोर स्वतः एकदा भरा. पहिल्या पावसाळ्यात बहुतेकांचं काम इथेच अडतं.

दोरीची जाडी विचारून लिहून ठेवा. हलक्या मशीनला १.६ किंवा २ मिलिमीटर, मोठ्याला २.४ किंवा त्याहून जाड दोरी लागते. हलक्या मशीनला जाड दोरी घातली तर मोटर तापून जळते. एक रीळ जास्तीची घेऊन या.

आणि दोरीच्या जागी सायकलच्या ब्रेकची तार किंवा कुठलीही लोखंडी तार कधीही घालू नका. कोणी ‘जास्त टिकते’ असं सांगितलं, तरी नाही. मिनिटाला सहा-सात हजार फेरे होतात. दोरीच्या टोकाचा वेग ताशी ३०० किलोमीटरच्या पुढे जातो. त्या वेगाने तुटलेला तारेचा तुकडा शरीरात घुसतो.

शेवटी पक्कं बिल घ्या, वॉरंटीवर शिक्का घ्या. दुरुस्ती मुंबईतच होते का, सुटे भाग कुठे मिळतात, हे विचारा. ज्याचं दुकान पुढच्या वर्षीही तिथेच असेल, त्याच्याकडून घेतलेलं बरं.

पाचवं काम: मशीन सुरू करण्याआधी फेरी मारा

आधी आवारात चालत जा. बाटल्या, करवंट्या, फुटक्या कुंड्या, दगड, तारा उचला. यात दोन कामं होतात. मशीनखाली दगड येत नाही आणि साचलेल्या पाण्यात डेंग्यूचे डास वाढत नाहीत.

भिंतीलगतचे पाइप आणि केबल शोधा. गॅसचा पाइप, इंटरनेटची वायर, नळाचा प्लॅस्टिकचा पाइप हे गवतात दिसत नाहीत. त्यांच्या आजूबाजूचं गवत विळ्यानेच काढा.

लांब काठीने गवत झोडपा आणि थोडं थांबा. जनावर असेल तर निघून जाईल. घोणस दाट गवतात निपचित पडून राहते, चटकन हलत नाही. म्हणून घाई करू नका. साप दिसला तर काम थांबवा. मारू नका, पकडायला जाऊ नका. लांबून लक्ष ठेवा आणि वन विभागाच्या १९२६ या क्रमांकावर फोन करा. चावला तर पाय आवळून बांधू नका, कापू नका. माणसाला शांत ठेवा आणि थेट मोठं रुग्णालय गाठा. अंधेरीकडून कूपर, घाटकोपरहून राजावाडी.

मुलांना आणि कुत्र्या-मांजरांना घरात घ्या. मशीन चालू असताना ५० फुटांच्या आत कोणी नको. आपल्या कंपाउंडमध्ये एवढं अंतर बऱ्याचदा मिळत नाही. मग वॉचमनला वाटेवर उभं करा. शेजारच्या गाड्या हलवायला सांगा. एवढासा खडा उडून काच फुटली, तर वर्षभराचं शेजारपण बिघडतं.

आता अंगावर काय घालायचं ते. डोळ्यांवर बाजूने बंद असलेला चष्मा. घरचा नंबरचा चष्मा पुरत नाही. अंगात पूर्ण बाह्यांचा शर्ट आणि जाड पँट. पायात गमबूट, चप्पल अजिबात नाही. गवताखालच्या पाण्यात उंदीर-घुशींचं मूत्र असतं आणि पायाच्या बारीक जखमेतून लेप्टोचे जंतू आत जातात. २६ जुलै २००५ च्या पुरानंतर या आजाराने मुंबईत माणसं दगावली. नंतर ताप आला, अंग मोडून आलं, तर अंगावर काढू नका. डॉक्टरांकडे जा आणि गवतात काम केलं होतं, हे आवर्जून सांगा.

डोळ्यात काही गेलं तर चोळू नका, स्वतः काढू नका. डोळा हलकेच झाकून डोळ्यांच्या डॉक्टरकडे जा.

सहावं काम: कापताना झाडं सांभाळा

गवत मुळापर्यंत खरवडू नका. दोन-तीन इंच ठेवा. जमीन उघडी पडली की पुढच्या सरीत माती वाहून जाते आणि आवारात चिखल होतो.

गुडघ्याएवढं गवत एका दमात बुडाशी कापू नका. आधी वरचा अर्धा भाग, मग खालचा. नाहीतर लांब पाती डोक्याला गुंडाळतात आणि मोटर तापते. गुंता काढताना मशीन आधी बंद करा. मग प्लग किंवा बॅटरी काढा. पेट्रोलचं असेल तर स्पार्क प्लगची टोपी काढा. त्यानंतरच हात घाला.

गार्ड कधी काढू नका. गार्ड काढला की दोरी लांब सोडता येते, म्हणून बरेच जण तो काढतात. पण दगड आणि तुमची नडगी यांच्यामध्ये तेवढंच एक आहे.

झाडाच्या बुंध्याजवळ दोरी नेऊ नका. पारिजात, कडीपत्ता, आंब्याचं कोवळं कलम यांची साल दोरीच्या दोन-तीन फटक्यांत सोलली जाते. साल गोल सोलली गेली, की झाडाचं अन्न मुळांपर्यंत पोचत नाही आणि ते हळूहळू वाळतं. बुंध्याभोवती फूटभर जागा हाताने मोकळी करा आणि तिथे पालापाचोळा पसरा. पुढच्या वेळी तिथे मशीन न्यायची गरजच पडणार नाही. फांद्यांना मात्र मनाने हात लावू नका. महाराष्ट्रात १९७५ पासून शहरी झाडांसाठी कायदा आहे. छाटणीला महापालिकेची परवानगी लागते.

सातवं काम: कापलेलं गवत तसंच सोडू नका

कापलेलं गवत त्याच दिवशी गोळा करा. ते पावसाने वाहून गटाराच्या जाळीवर बसतं. मग भरतीच्या वेळी जोराचा पाऊस आला, की पाणी तळमजल्याच्या घरात शिरतं.

जाळू नका. कोपऱ्यात खड्डा किंवा जाळीचा पिंप करा आणि थर देऊन कुजवा. पुढच्या जूनला कुंड्यांना घरचं खत मिळेल. बिया धरलेलं गाजर गवत तेवढं त्यात टाकू नका.

मशीन पुसून, गार्डखालचा चिकटलेला लगदा काढून ठेवा. बॅटरी काढून कोरड्या जागी ठेवा. हंगाम संपला की पेट्रोलची टाकी रिकामी करा आणि मशीन आपोआप बंद पडेपर्यंत चालवा. आताच्या पेट्रोलमध्ये २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं. ते हवेतला ओलावा ओढतं आणि आठ महिने पडून राहिलं, की कार्बोरेटर खराब करतं.

माळीदादांसाठी एक विनंती

तुमच्याकडे मशीन माळीदादाच चालवणार असतील, तर हे नीट ऐका. ते स्वतःहून चष्मा मागणार नाहीत. बूट मागणार नाहीत. दुसऱ्या घरी जायची घाई असते, आणि मागितलं तर काम जाईल, अशी भीतीही असते. म्हणून मागायची वाट बघू नका. मशीन विकत घेताना त्याच बिलावर चष्मा, गमबूट, हातमोजे आणि कानांसाठी मफ घ्या. पायाचं माप आधी विचारून घ्या.

सोसायटीच्या मॅनेजिंग कमिटीला माझं आवर्जून सांगणं आहे. मशीनचा ठराव करताना या वस्तू त्याच ठरावात लिहा. बाहेरचा माणूस स्वतःचं मशीन घेऊन आला, तरी चष्म्याशिवाय आणि गार्डशिवाय त्याला काम सुरू करू देऊ नका. डोळा गेला तर त्याची रोजी जाते. तुमच्या गवतापायी कोणाच्या घरावर ती वेळ येऊ नये.

येत्या रविवारी एवढंच करा. टेप घेऊन खाली उतरा, आवार मोजा आणि आकडा लिहून ठेवा. जो चालवणार आहे त्याच्याशी बोला. तो आकडा आणि तो माणूस, दोघांना बरोबर घेऊनच दुकानात जा.